बारमधल्या बाई

धाराशिव जिल्ह्यात पुण्याची माणसं एकतर देवदर्शनाला जातात, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाला. मी गेलो तो माझ्या थोरल्या बहिणीला बारमधून बाहेर काढायला.

गैरसमज नको म्हणून लगेच सांगतो, ताई पीत नाही. चहासुद्धा ती अर्धा कप घेते. ती तिथे गाते. आमच्या घरच्यांच्या मते हे पिण्यापेक्षा वाईट होतं, कारण पिणारा माणूस निदान कोपऱ्यात बसतो आणि त्याचा कुणी व्हिडिओ काढत नाही.

व्हिडिओ चाळीस सेकंदांचा होता. आमच्या एका चुलतभावाला तो कुठूनसा मिळाला आणि त्याने तो घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. इस्त्रीची सुती साडी, नाकावर घसरलेला चष्मा, मिटलेले डोळे, अशी आमची चौसष्ट वर्षांची सुमनताई गात होती आणि तिच्या पाठीमागे काचेच्या फ्रिजमध्ये बाटल्या ओळीने उभ्या होत्या. खाली चुलतभावाने लिहिलं होतं, ‘कळंबच्या बारमधली बाई, आपली ताई!’ यमक जुळलं म्हणून त्याला आनंदही झाला असावा.

ताई लग्न होऊन कळंबला गेली त्याला चाळीस वर्षं झाली. तिथल्या शाळेत चौथीचा वर्ग चौतीस वर्षं सांभाळून ती रिटायर झाली. त्याच शाळेत सर असलेले मेहुणे सहा वर्षांपूर्वी गेले. एकुलता एक मुलगा नितीन पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत. त्याचं लग्न ऑफिसातल्याच सायली पाटणकर नावाच्या मुलीशी ठरलं होतं. दोघांनी आपापसांत ठरवलं होतं, त्यामुळे दोन्ही घरांची भेट थेट साखरपुड्यालाच व्हायची होती. आजकाल असंच असतं, असं नितीन म्हणाला आणि आजकालचं आम्हाला काहीच माहीत नसल्यामुळे आम्ही माना डोलावल्या.

तर हा नितीन साखरपुड्याच्या पंधरा दिवस आधी आमच्याकडे आला, सोफ्याच्या अगदी काठावर बसला आणि म्हणाला, “मामा, सायलीच्या घरच्यांनी आईचा तो व्हिडिओ पाहिलाय. हे थांबलं नाही तर पुढचा विचार करावा लागेल म्हणतात. माझं ती ऐकत नाही. तुम्ही जा.”

घरात बैठक झाली. आमच्या घराला गाण्याची पिढीजात आवड आहे. म्हणजे दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाचे पास मिळवण्यात आम्ही कधी हरलेलो नाही. त्यामुळे गाणं कुठे असावं आणि कुठे नसावं याबद्दल सगळ्यांची ठाम मतं होती. जायचं कुणी, याबद्दलही एकमत झालं. मी विमा कंपनीतून रिटायर होऊन दीड वर्ष झालं होतं आणि घरात मी नेमका कशाला लागतो हे अजून ठरायचं होतं.

रविवार

दुपारी बारा वाजता कळंबला पोचलो. पाठ केलेलं भाषण तयार होतं. सुरुवात ‘ताई, तुझ्या कलेबद्दल आम्हाला आदरच आहे’ अशी होती. पण ताईने दारातच पिशवी काढून घेतली आणि हात धुवायला लावले.

“आधी जेव. गार झाल्यावर त्यात मजा न्हाय.”

पुण्यात जन्मलेल्या माझ्या बहिणीची भाषा चाळीस वर्षांत कळंबची झालेली आहे. शाळेत शुद्ध बोलायची, तेवढ्यावर तिची शुद्ध भाषा संपून गेली असावी. ताटात गरम ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि हाताने फोडलेला कांदा. येसर म्हणजे डाळी आणि मसाले भाजून केलेलं पीठ. इकडे लग्नाकार्यात त्याच्या आमटीशिवाय पंगत उठत नाही. आमच्याकडे पंगतीत आमटी असते ती भाताला ओल यावी म्हणून. इथे आमटी हेच जेवण आणि बाकी सगळं तिच्या मदतीला. मी तीन भाकरी खाल्ल्या. भाषण जेवणानंतर करायचं होतं, पण जेवणानंतर मी आडवा झालो.

जागा झालो तेव्हा ताई चपला घालून, छत्री आणि कापडी पिशवी घेऊन उभी होती.

“चल. पावणेचार झाले. मला उशीर चालत न्हाय.”

“कुठे?”

“ज्याच्यासाठी तू आलायस तिथंच.”

बाजार समितीच्या मागच्या रस्त्याने निघालो. मला वाटत होतं, लोक खिडक्यांतून बघतील, कुजबुजतील. लोकांनी बघितलं खरं. मोटारसायकलवाले वेग कमी करून, पाय टेकवून “नमस्कार बाई” म्हणत होते. पाठीवर पोतं घेतलेल्या एका हमालाने पोत्याखालून जेवढी वाकवता येईल तेवढी मान वाकवली. ताई कुणाला “पोरीचं बारावीचं काय झालं?” तर कुणाला “शर्टाची गुंडी लाव,” असं म्हणत पुढे जात होती. चुलतभावाने लिहिलेली ‘बारमधली बाई’ आणि कळंबच्या ‘बारमधल्या बाई’ यांत किती अंतर आहे, हे मला तेव्हा समजायला लागलं. मराठी व्याकरणाचा धाक म्हणतात तो हाच असावा.

पंक्चरच्या दुकानाला लागून ‘हॉटेल निवांत, परमिट रूम’ अशी पाटी होती. आत हिरव्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, दहा-बारा टेबलं, व्हिडिओतला तो फ्रिज आणि त्याच्यावर शंकराची तसबीर, समोर तेवता दिवा. ताईने उंबरठा ओलांडला आणि टेबलांवरची वीस-बावीस माणसं खुर्च्या मागे सारून उभी राहिली. पन्नाशीचे बाप्ये, मिशा, टोप्या, बनियनमधले दोघं. सगळ्यांनी एका सुरात, शाळेत म्हणतात तसं लांबवून म्हटलं, “न-म-स्ते, बा-ई!”

“बसा,” ताई म्हणाली. सगळे बसले.

भिंतीवर पुठ्ठ्याला चिकटवलेला कागद होता. अक्षर ताईचं, गोलगरगरीत. गाणे चालू असताना ऑर्डर देऊ नये. ग्लासाचा आवाज करू नये. रडायचे असल्यास बाहेर जाऊन रडावे.

मालकाचं नाव महालिंग. पंचेचाळिशीचा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. गावात त्याला अप्पा म्हणतात, ताई ‘महालिंग्या’ म्हणते, कारण चौथीत तो तिच्याकडे होता. सोमवारी बार बंद आणि रोज संध्याकाळी सात वाजता पूजेसाठी गल्ला सोडून घरी. दारूच्या थेंबाला तो शिवत नाही.

“मग हा धंदा?” मी विचारलंच.

“माझा बाप लई प्यायचा,” तो म्हणाला. “म्हणून बार काढला. आन् बाप लई प्यायचा म्हणूनच मी पीत न्हाय.” या दोन वाक्यांतला संबंध मी अजून शोधतो आहे, पण त्याला त्यात काही अडचण दिसत नव्हती.

पेटीवर दस्तगीरचाचा. सत्तरीचे, बारीक अंगाचे. उभा जन्म लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवली. पुढचे दात गेल्यावर ती वाजेना, तेव्हा साठीनंतर पेटी शिकले. ढोलकीवर ज्ञानोबा, बाजार समितीत हमाल. तोही ताईच्याच वर्गातला, पहिल्या तुकडीचा.

ताईने पिशवीतून खडीसाखर काढून तोंडात टाकली, चष्मा वर सारला आणि गायला सुरुवात केली. पहिली एक गौळण. मग एक जुनं भावगीत. आवाज वयाने थोडा खरखरीत झालाय, वर जाताना दम लागतो, तिथे चाचा पेटी भरून घेतात. खरं सांगायचं तर मी पुण्यात यापेक्षा सफाईदार गाणं फुकट पासावर पुष्कळ ऐकलेलं आहे. पण पुण्यात दोन हजार माणसं असतात आणि त्यांतली निम्मी मध्यंतरातल्या वड्याचा विचार करत असतात. इथे वीस-बावीस माणसं समोर भरलेला ग्लास असून त्याला हात लावत नव्हती. गाणं संपलं की घाईघाईने दोन घोट, फुटाण्यांची एक मूठ, आणि पुन्हा हात मांडीवर.

मग मागून कुणीतरी म्हणालं, “बाई, आता चौथीतली. ती आंब्याच्या झाडाची.”

ताई चौथीच्या पुस्तकातली कविता म्हणायला लागली आणि सगळा बार तिच्याबरोबर म्हणायला लागला. मधेच ती थांबली. कोपऱ्यातल्या, सुट्टीवर असलेल्या एका एसटी ड्रायव्हरकडे बघून म्हणाली, “भीमराव, दुसरं कडवं गाळलंस.” साठ माणसांची गाडी घाटातून नेणारा तो माणूस कानापर्यंत लाल झाला. कविता पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या कडव्याला एकजण उठून बाहेर गेला. नियम नियम होता.

माझ्यासमोर कधीतरी कुणीतरी बिअरचा ग्लास ठेवला होता. नाही म्हटलं तर पाहुणचाराचा अपमान, म्हणून मी तो घेतला. दुसराही त्याच कारणाने घेतला.

ताई पाणी प्यायला थांबली तेव्हा महालिंग मला ओट्यावर घेऊन गेला. “तुम्ही न्यायला आलाव त्यांना?”

“समजावायला,” मी म्हणालो.

“सर गेल्यावर बाई देवळाच्या भजनात जायच्या. तिथल्या बायका गुडघेदुखीवर बोलायच्या, बाईंचं ऐकायचं कोण? मग एक दिवस इथून चालल्या होत्या. चाचा आतमधी पेटीवर चौथीतली चाल वाजवलालते. बाई रस्त्यावरूनच वरडल्या, ‘महालिंग्या, कोण हाय त्यो? निषाद कोमल लागतो तिथं!’ आन् आत येऊन बसल्या. मला काय बोलायचं सुचंना. बाईंना बारमधून जा म्हणू, का बारमधल्या लोकांना बाई आल्या म्हणून जा म्हणू? तीन वर्षं झाली. मला अजून सुचलं न्हाय.”

साडेसहाला गाणं संपलं. घरी आल्यावर ताईने पाय धुतले, देवापुढे दिवा लावला आणि पाटावर बसून म्हणाली, “आता बोल. पाठ करून आलायस ते.”

मी आदराचं वाक्य गाळलं. नितीन काय म्हणाला ते सांगितलं. पाटणकरांनी व्हिडिओ पाहिला, त्यांना पसंत नाही, निदान लग्न होईपर्यंत तरी थांब. ताईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “सायलीनं स्वतः म्हणलं असं?”

“घरच्यांनी.”

“मी तिचा नुसता फोटू बघितलाय. नितीन म्हणतो, भेट साखरपुड्यालाच.” तिने वात पुढे सारली. “तिच्या वडलांचा नंबर हाय तुझ्याकडं?”

नंबर होता. साखरपुड्याच्या तयारीसाठी नितीननेच दिला होता. तो मी तिला का दिला, हे मी पुढचे आठ दिवस घरच्यांना समजावून सांगत होतो. ताईने माझ्यासमोरच फोन लावला.

“नमस्कार. मी नितीनची आई बोलतेय, कळंबहून. मी गाते ते तुम्हांला कळलंय म्हणे. लग्नाआधी एकदा येऊन ऐकून जा. सायलीला घेऊन या. मग काय ते ठरवा.”

पलीकडून काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण ते फार थोडं होतं. ताईने फोन ठेवला. “येतो म्हणाले. परवा. माणूस जरा घाबरल्यासारखा बोलत होता.”

सोमवार

सकाळी ताईने सुशीला केला. सुशीला हे कुणा मुलीचं नाव नसून इकडचा नाश्ता आहे. चुरमुरे भिजवून, पिळून, पोह्यांसारखे फोडणीला घालतात. तिसरा घास घेताना नितीनचा फोन आला. पाटणकर दुसऱ्या दिवशी कळंबला येणार हे त्याला सायलीकडून कळलं होतं. तो जे बोलला त्यातलं ‘मामा’ एवढंच इथे लिहिण्यासारखं आहे. शेवटी म्हणाला, “काहीही करून त्यांना येऊ देऊ नका.” आवाजात राग कमी आणि घाबरणं जास्त होतं. मला तेव्हा ते खटकलं नाही. मी सुशीला संपवला.

दहाच्या सुमाराला महालिंग, दस्तगीरचाचा आणि ज्ञानोबा असे तिघंही दारात. बातमी गावभर झाली होती.

“बाई, तुम्ही काळजी करू नका,” महालिंग म्हणाला. “उद्या बारमधी थेंब दिसणार न्हाय. समद्यांला ताक.”

“ताक पिऊन माणूस झोपंल की, अप्पा,” ज्ञानोबा म्हणाला.

“झोपला तर झोपला. पण वास यायचा न्हाय.”

“मैं शेरवानी पहनूँ क्या, बाई?” चाचांनी विचारलं. “बँडवाली है. सोनेरी बटन.”

“कुणी काही घालू नका,” ताई म्हणाली. “रोजच्यासारखं ऱ्हावा.”

तिघांनीही माना हलवल्या. तिचं ऐकायचं नाही असं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ठरवलं असावं.

मंगळवार

पाटणकर आणि सायली जेवायच्या वेळेला आले. पाटणकर साठीचे, रिटायर्ड इंजिनिअर, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. सायली ठेंगणी, भरभर बोलणारी. आल्या आल्या स्वयंपाकघरात जाऊन भाकरी थापण्याचा प्रयत्न करून हसं करून घेतलेली. पाटणकर मात्र जेवताना ताईकडे बघत आणि तिने बघितलं की आमटीकडे बघत. ताई काही म्हणाली की दचकत. मला वाटलं, नापसंती.

पावणेचारला आम्ही चौघं निघालो. बार ओळखू येत नव्हता. दारात ‘सुस्वागतम’चा कापडी फलक. फ्रिजवर आणि बाटल्यांच्या फळीवर पांढरी चादर ओढलेली, त्यामुळे तिथे कुणीतरी आजारी माणूस निजवल्यासारखं दिसत होतं. तेल लावून भांग पाडलेली सगळी मंडळी धुतलेल्या कपड्यांत बसलेली, प्रत्येकासमोर स्टीलच्या पेल्यात ताक. चाचांनी सोनेरी बटणांची शेरवानी घातलीच होती. “नमस्ते बाई” झालं, पण घसे बसलेले.

ताईने सगळीकडे नजर फिरवली. “ही काय शाळा तपासणी हाय?”

ती गायला बसली. गौळण झाली, कुणी हललं नाही. भावगीत झालं. ज्ञानोबाचा ठेका घामाने निसटत होता. चाचांच्या बाहीचं बटण पेटीच्या पट्टीत अडकत होतं. सगळे पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि गाण्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्या बारमध्ये सगळे शुद्धीवर होते आणि पहिल्यांदाच गाणं बेसूर होत होतं.

दुसऱ्या गाण्यानंतरच्या शांततेत पाटणकर खाकरले. मला वाटलं, उठणार.

“इथे,” ते महालिंगला हळूच म्हणाले, “गार बिअर मिळेल का हो?”

महालिंगच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी भर कचेरीत बदलीची ऑर्डर हातात पडलेल्या माणसाच्या तोंडावरच पाहिलं आहे. त्याने ताईकडे बघितलं.

“पाहुण्यांना काय पाहिजे ते दे,” ताई म्हणाली. “आन् ह्यांचं ताक उचल. चेहरे बघवंनात.”

चादर ओढून काढली गेली. पुढची पाच मिनिटं त्या खोलीत जेवढी धावपळ झाली तेवढी लग्नाच्या मांडवात होत नाही. चाचांनी शेरवानी काढून खुर्चीला अडकवली. पाटणकरांनी अर्धा ग्लास एका दमात संपवला आणि त्यांचे खांदे दोन इंच खाली आले. मला वाटलं, हीच वेळ. मी खुर्ची जवळ ओढली.

“पाटणकरसाहेब, तुम्ही तो व्हिडिओ पाहिलात तेव्हा तुमचा गैरसमज होणं साहजिक होतं...”

“कसला व्हिडिओ?”

मी सायलीकडे बघितलं. तिलाही माहीत नव्हतं.

“आम्ही आलो ते वेगळ्याच कारणाने,” पाटणकर म्हणाले आणि ताईकडे वळले. बिअरमुळे आवाज जरा मोठा लागला होता. “तुमचा रविवारी फोन आला आणि मी हादरलोच. नितीनने सांगितलं होतं, दोन वर्षांपूर्वी तुमचं घशाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून तुम्हाला बोलता येत नाही. प्रवास झेपत नाही, साखरपुड्यालाही येता येणार नाही. आणि इकडे फोनवर तुम्ही खणखणीत आवाजात म्हणताय, मी गाते, ऐकायला या. मला वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. हिला म्हटलं, प्रत्यक्ष जाऊनच बघू.”

“बाईंना बोलता येत न्हाय?” ज्ञानोबा ढोलकीवरून म्हणाला आणि हसायला लागला. मागची दोन टेबलंही हसली. मग ताई हसत नाहीये हे एकेकाच्या लक्षात आलं आणि हसणं जिथल्या तिथे थांबलं.

ताईने चष्मा काढला. पदराने एक काच पुसली, मग दुसरी. मग पुन्हा पहिली. मुलाने तिला नुसती मुकी केली नव्हती, साखरपुड्याच्या यादीतूनही काढून टाकली होती. आणि हे तिला तिच्या चौथीच्या वर्गासमोर कळत होतं. माझ्या डोळ्यांपुढे सोफ्याच्या काठावर बसलेला नितीन आला. पाटणकरांच्या नावाने तो मला जे सांगत होता ते त्याचं स्वतःचं होतं, आईचं गाणं ऐकू आलं तर खोटं उघडं पडेल ही भीतीही त्यातलीच, आणि ते मी पिशवीत घालून इथवर आणलं होतं.

ताईने चष्मा लावला.

“व्हय,” ती म्हणाली. “घसा लई बिघडला होता मधी. नितीनला वाटलं आता काय सुधारत न्हाय. पण सुधारला.”

दस्तगीरचाचा तिच्याकडे बघत राहिले. निषाद केसभर चढला म्हणून याच बाईने त्यांना वीस-वीस वेळा तीच ओळ वाजवायला लावली होती. त्यांनी मान खाली घातली आणि पेटीचा भाता हळूच ओढला. “सुर तयार है, बाई,” ते म्हणाले.

सायलीचा चेहरा उतरला होता. ती बापाइतकी भोळी नव्हती. “आई, मला खरंच माहीत नव्हतं...” ती म्हणायला लागली.

“तुला काय माहीत असायचं होतं? बस. शेंगा खा, आजच उकडल्यात.”

मग ताई गायली. तिने कुठलं तरी अगदी साधं, मुलं निजवताना म्हणतात तसं काहीतरी घेतलं. ते आमच्या आईचं होतं, मी साठ वर्षांत विसरलो होतो. वर जाताना आवाज फाटला. चाचांनी पेटी भरली नाही, फाटू दिला. ग्लासाचा आवाज झाला नाही. तो दोन पेनंवाला इंजिनिअर टेबलावर कोपर टेकून, हनुवटी हातात घेऊन बसला होता. मी नियमाप्रमाणे उठून बाहेर गेलो. ओट्यावर तो एसटी ड्रायव्हर आधीच उभा होता. आम्ही एकमेकांकडे न बघता पंक्चरच्या दुकानाकडे बघत राहिलो.

साडेसहाला पाटणकर निघाले. ताईच्या पाया पडायला ते स्वतःच वाकत होते, तिने अडवलं. “साखरपुड्यात गायचं तुम्ही,” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. सायली गाडी चालवणार होती. दार उघडताना ती माझ्याजवळ आली.

“मामा, आईंनी झाकलंय, म्हणून मी नितीनला काही विचारणार नाही. पण त्याने आपण होऊन सांगितलं पाहिजे. साखरपुड्याच्या आत. नाही सांगितलं तर मला खरंच पुढचा विचार करावा लागेल.”

घरी आलो. ताईने दिवा लावला, परात घेतली, पीठ काढलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. नितीन होता. तिने फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला, कारण हाताला पीठ लागलं होतं.

“आई, गेले ते?”

“गेले आत्ताच.”

“काय म्हणाले?”

ताईने पिठात पाणी घातलं. “तब्येत विचारत होते माझी. घशाचं ऑपरेशन कसंय म्हणून.”

ताई पीठ मळत होती.

“मी सांगितलं, आता बरंय.”

फोन बंद झाला की काय म्हणून मी वाकून बघितलं. चालू होता.

“नितीन, साखरपुडा किती वाजता हाय?”

“अकराला,” तो म्हणाला. एवढा एकच शब्द बोलायला त्याला दोनदा घसा साफ करावा लागला.

“मग मी आदल्या दिवशी येते. जेवलास का?”

“नाही.”

“जेव. मामाशी बोल, माझे हात भरलेत.” ती भाकरी थापायला लागली. एरवी तिच्या हातून भाकरी अशी गोल उतरते की शाळेतल्या पोरांना तिच्यावरून वर्तुळ शिकवावं. त्या दिवशी पहिली काठाला फाटली. तिने ती मोडून पुन्हा गोळा केला.

मी फोन घेऊन अंगणात गेलो. सायली काय म्हणाली ते त्याला सांगावं की नाही, हे मला ठरवता येईना. मग सांगितलं नाही. एवढ्या वर्षांनी कुठेतरी निरोप न पोचवण्याचं काम मला जमलं.

“मामा,” तो म्हणाला, “मला सायलीशी बोलायचंय आज. मग शनिवारी मी गाडी घेऊन येतो. आईला घ्यायला. मी स्वतः येतो. दुपारी चारपर्यंत पोचेन.”

“चार ते साडेसहा ती घरी नसते,” मी म्हणालो. “तुला तिथेच यावं लागेल.”

आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

“येतो,” नितीन म्हणाला.